रखमाआईचं शिंगापूर

मी घर सोडलं त्या दिवशी मला मुंबईला नेणारी एसटी बाबाच चालवत होते. त्यांची ड्यूटी खरं तर दुसऱ्या गाडीवर होती, पण डेपोत सांगून त्यांनी ती बदलून घेतली. मी त्यांच्या पाठीमागच्याच सीटवर बसले होते. समोर पत्र्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'चालकाशी बोलू नये', आणि बाबांनी तो नियम त्या दिवशी अगदी मनावर घेतला. माणगाव गेलं, नागोठणं गेलं, वडखळला सगळे चहाला उतरले, तरी ते काही बोलले नाहीत. समोरच्या आरशात अधूनमधून त्यांचे डोळे दिसायचे. मी बघतेय असं लक्षात आलं की ते पुन्हा रस्त्याकडे बघायचे.

मुंबईला मामा मला विमानतळावर न्यायला आला होता. बाबांनी माझी बॅग स्वतः खाली उतरवली, तिचा पट्टा उगाच दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाले, "आपल्या घरातला एक माणूस गेलाय तिकडे. तो अजून आलेला नाही."

मामाला वाटलं, बाबा कुणा चुलतभावाबद्दल बोलताहेत. टॅक्सीत त्यानं मला विचारलंही, की सिंगापुरात तुमचं कोण असतं. मी म्हटलं, बाबांच्या पणजोबांचे आजोबा. मामा हसला. मला हसू आलं नाही, कारण त्या 'अजून'वरच आमचं सगळं घर उभं होतं.

श्रीवर्धनच्या बाजूला, खाडीच्या काठावर आमचं गाव आहे. गावात आमच्या घराला 'पाणीवाले' म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, यांचा पाण्याचा काही धंदा असेल. धंदा नाही. कंपनी सरकारच्या काळात आमच्या घरातल्या भिकाजी नावाच्या तरुण माणसानं खोताच्या परसातून तांब्याचं एक घंगाळ उचललं आणि त्यापायी त्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, म्हणून आम्ही पाणीवाले. घंगाळ का उचललं, विकायला की आणखी कशाला, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. घंगाळ खोताला परत मिळालं म्हणतात. भिकाजी परत मिळाला नाही.

त्याच्या बायकोचं नाव रखमा. कडेवर तान्हं मूल घेऊन ती ठाण्याच्या तुरुंगापर्यंत गेली होती. तिथल्या एका शिपायानं तिला सांगितलं, तुझ्या नवऱ्याला शिंगापूरला धाडलं. तो एवढंच म्हणाला. समुद्र, बोट, किती दिवसांची वाट, काही नाही. रखमाआईला शिंगापूर ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिला ठाऊक होतं ते शिंगणापूर, घाटावरचं, डोंगरमाथ्यावरच्या महादेवाचं. चैत्रात कावडी निघतात ते. तिला वाटलं शिपाई गावाचं नाव जरा वाकडं बोलला. मग ती घाट चढून, वाटेत मिळेल त्या माणसांच्या सोबतीनं, मूल कडेवर घेऊन चालत शिंगणापूरला गेली.

तिथे देवळाबाहेर बसून तिनं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं, इथे कैदी कुठे ठेवतात. शेवटी गुरवाला तिची दया आली. तो म्हणाला, "बाई, इथे माणसं आपल्या पायांनी येतात. धरून कुणाला आणत नाहीत."

ती परत आली. पोर मोठं केलं. कपाळाचं कुंकू मात्र तिनं पुसलं नाही, बांगड्याही उतरवल्या नाहीत. गावातल्या बायका नावं ठेवायच्या, की एवढी वर्षं झाली, आता तरी समजून घे. तिचं उत्तर एकच होतं. तो गेल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही.

ही गोष्ट मला माझ्या आत्यानं सांगितली, आणि आत्यानं ती सांगावी याला अर्थ होता. आई मी लहान असताना गेली. मला वाढवलं बाबांच्या या थोरल्या बहिणीनं. आत्याचे यजमान बोटीवर खलाशी होते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ते एका फेरीवर गेले आणि परतले नाहीत. बोट परतली, तिच्यावरची बाकीची माणसंही परतली. कुणी म्हणे त्यांनी परदेशातल्या कुठल्याशा बंदरात दुसरं घर केलं, कुणी म्हणे आजारी पडून तिथेच राहिले. खरं काय ते कुणी सांगितलं नाही. आत्या माहेरी आली ती मोठं कुंकू लावूनच आली आणि रोज सकाळी ते तसंच रेखत राहिली.

आमच्या घरची रीत तिनेच सांभाळली होती. सर्वपित्री अमावास्येला सगळ्या पितरांचा घास कावळ्याला जातो, पण भिकाजीचं पान त्या रांगेत नसायचं. त्याचं पान घरात, माजघरात, पाट मांडून. गेल्याचं कळलेलंच नाही, तर तो पितर कसा? गरम भात, वरण, अळूची भाजी, वडे, सगळं वाढून थोडा वेळ थांबायचं आणि मग घरातल्या मुलीनं त्या पाटावर बसून ते जेवायचं. लहानपणी ते पान माझं असायचं. मला त्याचं फार अप्रूप वाटे. आत्या समोर बसून मला आग्रह करायची आणि मध्येच तिची नजर माझ्यावरून दाराकडे जायची.

तर अशा घरातून मी केमिकल इंजिनिअर होऊन सिंगापूरला आले. इंटरव्ह्यूनंतर नोकरी कुठल्या देशात आहे ते मी सांगितलं, तेव्हा तांदूळ निवडत बसलेली आत्या सूप हातात धरून तशीच बसून राहिली.

सुरुवातीला मी वुडलँड्सला राहत होते, दोन तमिळ मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये, कारण तिकडे भाडं कमी. खिडकीतून पलीकडे मलेशियातल्या जोहोरकडे जाणाऱ्या लॉऱ्यांची रांग दिसायची. सकाळी कंपनीची बस जुरोंग आयलंडला न्यायची. गेटवर पास दाखवायचा, बस पुढे सरकायची, आणि आत नळकांड्यांचं आणि टाक्यांचं एक अख्खं गाव. तुमच्यापैकी जे असेच आलात त्यांना ते पहिले महिने वेगळे सांगायला नकोत. भाताला वेगळा वास येतो. नळाचं पाणी गोड लागत नाही. रविवारी दुपारी कुणीही हाक मारत नाही, आणि ती शांतता अंगावर येते. आणि जे मागे राहिलात, तुम्हाला वाटतं की आम्ही तिथे रमलो. आम्ही रमतो, ते खरं आहे. पण दारावर टकटक झाली की पहिल्या क्षणी अजून गावाकडचंच कुणीतरी डोळ्यांपुढे येतं.

पुढे निखिलशी लग्न झालं. तो पुण्याचा, आयटीतला, ऑफिस अलेक्झांड्राला. म्हणून आम्ही क्वीन्सटाउनला आलो. इरा झाली. ती आता शाळेत जाते आणि मी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला "डोन्ट वॉन्ट, लाह" असं उत्तर देते.

शहराच्या मधोमध एक मोठं पांढरं चर्च आहे, हिरवळीत उभं. एमआरटीतून, इथल्या मेट्रोतून, उतरून मी त्याच्यावरून कितीदा गेले असेन. एकदा कंपनीच्या बसमध्ये सलीम माझ्या शेजारी बसला होता. सलीम आमच्या कंट्रोल रूमचा शिफ्ट सुपरवायझर, इथलाच, मलय बोलणारा, पण नाकडोळे आपल्याकडचे. बोलता बोलता तो म्हणाला, "ते चर्च कुणी बांधलं माहीत आहे? तुमच्या लोकांनी. इंडियन कैद्यांनी. इथले जुने रस्ते, भिंती, पुष्कळ काही त्यांनीच केलंय." मी विचारलं, काय गुन्हा होता त्यांचा? "काहींचा खून, दरोडा. काहींचा काहीच नाही. गोऱ्यांनी तर स्वतःच्या गरिबांनाही सोडलं नाही. एका रुमालासाठी ऑस्ट्रेलियाला धाडलं. मग इंडियन कैद्यांचं काय घेऊन बसलीस."

त्या शनिवारी मी इराला घेऊन तिथे गेले. बाहेरच्या भिंतीला हात लावून उभी राहिले. गुळगुळीत, ऊन लागून कोमट झालेली भिंत. मला तिथे काही साक्षात्कार झाला नाही. मनात एवढंच आलं, की रखमाआई चुकीच्या गावात उभी होती आणि मी बरोबर गावात, आणि मला विचारायला कुणी गुरवही नव्हता.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग यंदा आम्ही येतो."

एवढी वर्षं बोलावूनही न आलेले बाबा आणि आत्या भाद्रपदात आले. का आले ते बाबांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते, आत्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती.

"भटजींना विचारून आलोय," बाबा म्हणाले. "इथल्या समुद्रात भिकाजीचं तर्पण करायचं. गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणायचं. तीळ आणलेत."

आत्याचे हात थांबले. "पाणी सोडलं म्हणजे तो मेला."

"ताई, दीडशेच्या वर वर्षं झाली."

"मला हिशेब नको सांगूस, वसंता. आजवर कुणी सोडलं नाही. आपल्या आजानं नाही, बापानं नाही."

"त्यांच्यामागे कोणीतरी होतं," बाबा म्हणाले. "आपल्यामागे ते पान कोण मांडणार? ही इथे. घराला कुलूप लागेल. तो बिचारा बंद दारापाशी येऊन उभा राहील, असं ठेवायचं का त्याला?"

आत्या उठून बाल्कनीत गेली आणि खालच्या कारपार्ककडे बघत उभी राहिली. जेवायलाही उशिरा बसली. पुढचे काही दिवस घरात ते दोघं एकमेकांशी फक्त चहा आणि औषध एवढंच बोलत होते. मी कुणाची बाजू घ्यावी तेच मला कळत नव्हतं. बाबांचं खरं होतं. पण ते पान बंद झालं की आत्याच्या कपाळावरच्या कुंकवालाही कुणीतरी प्रश्न विचारल्यासारखं होणार, हे मला दिसत होतं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सलीम भेटायला आला, म्हाताऱ्या माणसांसाठी केळीच्या पानात बांधलेली तांदळाची मिठाई घेऊन. बाबा त्याच्याशी एसटीतल्या हिंदीत बोलू लागले, अडेल तिथे मी सांगत होते. बोलता बोलता सलीमनं सांगितलं, त्याच्या आईच्या घराण्यातला एक जण असाच बेड्या घालून आणलेला कैदी होता. कुठून तरी मुंबईच्या बाजूनं. गाव माहीत नाही, खरं नावही माहीत नाही. बेड्या सुटल्यावर तो इथेच बैलगाडी हाकायचा आणि त्यानं एका मलय बाईशी लग्न केलं.

"गाडी हाकायचा?" बाबांना ते फार आवडलं.

आत्या मला म्हणाली, "त्याला विचार, सुटलेले सगळे इथेच राहायचे का? लग्नं करून?"

मी विचारलं. सलीम म्हणाला, "पुष्कळ जण राहिले, आंटी. परत जायला बोट कोण देणार? आणि गेल्यावर घरात कोण घेणार?"

"आणि मागच्यांना कळवायचे नाहीत?"

सलीम म्हणाला, "माझी आई सांगायची, तो म्हातारपणी जेवताना मध्येच थांबायचा. बायकोनं कारण विचारलं तर सांगायचा नाही. आम्हाला एवढंच माहीत आहे."

तो आमचाच भिकाजी होता असं मी म्हणत नाही. आमच्यापैकी कुणीच तसं म्हटलं नाही. मुंबईकडून आणलेले किती होते कोण जाणे. पण सलीम गेल्यावर आत्या बराच वेळ त्या मिठाईच्या पानाची घडी घालत बसली. मग म्हणाली, "म्हणजे जेवायला वाढणारं कुणीतरी होतं त्याला." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तिनं जन्मभर बांगड्या भरल्या, आणि हा इथे..." ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. तिला राग आला होता की बरं वाटलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही एकदमच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर गेलो. निखिलला मीटिंग होती. इराची शाळा मी त्या दिवशी बुडवली. समोर नांगर टाकलेल्या बोटींची रांग, पार क्षितिजापर्यंत. फुलं पाण्यात टाकायची नाहीत, इथे दंड होतो, हे मी बाबांना आधीच बजावलं होतं. ते म्हणाले, तीळ आणि पाणी, बस. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, दक्षिणेकडे तोंड करून. ओंजळीत पाणी घेतलं. मी त्यावर काळे तीळ घातले.

बाबांनी नाव घेतलं. गोत्र घेतलं. आणि पुढे ते थांबले. बोटांमधून पाणी नुसतंच गळून गेलं. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली, मी पुन्हा तीळ घातले, आणि पुन्हा तसंच झालं.

"माझ्याच्यानं होत नाही, ताई," ते म्हणाले. मागे न वळताच म्हणाले. "सगळ्यांनी दार उघडं ठेवलं आणि लावणारा मी."

आत्या वाळूत उभी होती. तिनं चपला काढल्या, लुगड्याचा काठ खोचला आणि पाण्यात आली. "सरक," ती म्हणाली. "वाट रखमाआईनं बघितली. थांबायचं की नाही ते तिनं सांगायचं. तिच्या वतीनं मी सांगते."

"बायकांनी..." बाबा म्हणायला लागले.

"इथे कोण बघतंय."

तिनं ओंजळ पुढे केली. मी तीळ घातले, थोडे पाण्यात सांडले. आत्याला मंत्र येत नव्हता. ती समोरच्या बोटींकडे बघून, शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"भिकाजी, हे रखमाचं पाणी. ती तुला शोधायला शिंगणापूरपर्यंत चालत गेली होती. हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. पोर जगलं. त्याचीच आम्ही सगळी. आता ती थांबलेली नाही. तूही थांबू नकोस."

आणि अंगठ्याजवळून तिनं पाणी सोडलं.

इतकी वर्षं आम्ही सगळे भिकाजीकडून निरोप यायची वाट बघत होतो. त्यालाही घरचं काही कळलं नव्हतं, हे आमच्यातल्या कुणाच्या कधी मनात आलं नव्हतं. बाबा तोंडावर पाणी मारत होते, पुन्हा पुन्हा. इरानं माझा कुर्ता ओढला. "मम्मा, हू इज आत्याआजी टॉकिंग टू, अह?"

"आपल्या घरातल्या माणसाशी," मी म्हटलं.

आत्यानं स्वतःच्या नवऱ्याचं नाव घेतलं नाही. ओंजळ मोकळी करून ती परत फिरली, पदरानं हात पुसले, आणि मग कपाळ ओलं झालं नाही ना, ते बोटानं हळूच चाचपून बघितलं.

नंतर आम्ही तिथल्याच हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या आवारात, डोसा खाल्ला. इरा आत्याला चमच्याकाट्यानं डोसा कसा खायचा ते शिकवत होती आणि आत्या तिला तो हातानं कसा खायचा ते. बाबा चहा ढवळत मला म्हणाले, "तुला इथे बरं आहे ना?" मी आल्यापासून त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "बरं आहे, बाबा. तुमची आठवण येते, पण बरं आहे." त्यांनी मान हलवली. "मग राहा. फक्त आम्हाला कळत राहील असं राहा."

बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. मला पोचता आलं, ते माझ्याशी थोडं बोललेही. तर्पणानंतरच्या कुठल्याच सर्वपित्रीला आत्यानं भिकाजीचं पान मांडलं नाही. त्याचा घास आता इतरांबरोबर बाहेर जातो. आत्या एकटी राहते. तिला मी इकडे बोलावते, तर म्हणते, तुमच्या त्या लिफ्टमध्ये मला कोंडल्यासारखं होतं. तिचं म्हणणं मला समजतं, आणि तरी दर वेळी मी पुन्हा बोलावते.

घर कुठे आहे तुझं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायची, मग अपराध्यासारखं क्वीन्सटाउनचं. आता दोन्ही बिनधास्त सांगते. भिंती कुठल्या याला मी फारसं महत्त्व देत नाही. भिकाजीला इथे भिंतींची काय कमी होती, त्यानं तर त्या बांधल्या. त्याला मिळालं नाही ते एवढंच, की आज काय झालं हे ऐकायला कुणीतरी मागे बसलेलं आहे, आणि त्याचा आवाज तिथपर्यंत पोचतोय. मला ते मिळालंय. घर म्हणजे माझ्या लेखी आता हेच उरलंय, आणि ते पुष्कळ आहे.

कामावरून आले की मी आत्याला फोन करते. तिकडे तेव्हा दुपार कलती झालेली असते. ती आधी तिचं सगळं सांगते. नारळ उतरवायला माणूस आला नाही. शेजारच्यांची गाय व्यायली. गुडघा आज बरा आहे. खाडीला भरती आलीय, आवाज येतोय का बघ, म्हणून ती फोन खिडकीशी धरते. मला फक्त वारा ऐकू येतो, पण मी हो म्हणते.

मग ती खुर्चीवर नीट बसल्याचा आवाज येतो.

"हं," ती म्हणते, "आता तुझं सांग. पहिल्यापासून सांग."